खंडेनवमीची यादी

अंबडच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग स्टोअर नावाची लांबोडकी खोली होती आणि त्या खोलीत सावळीराम कोंडाजी बोडके नावाचा माणूस होता. १९७९ साली दोघंही एकाच आठवड्यात कारखान्यात आले, त्यामुळे आधी खोली की आधी सावळीराम हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. भिंतीलगत बावीस लोखंडी खण आणि त्यांत पंपांच्या नकाशांची हजारो ट्रेसिंगं आडवी निजलेली. कुणी नुसतं "तो जुना विहिरीचा पंप" म्हणायचा अवकाश, सावळीराम उठून बरोबर त्या खणाशी जायचा. पण सही घेतल्याशिवाय कागद हातात द्यायचा नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना त्याने दारात उभं केलं होतं. साहेब चांगलेच तापले. सावळीरामने शांतपणे रजिस्टर पुढे धरलं आणि पेन उघडून दिलं, तेव्हा साहेबांनी मुकाट्याने सही ठोकली.

त्याच्या या वागण्याला कारखान्यात लोक कंटाळलेले होते, पण इतक्या वर्षांत एक कागद हरवला नव्हता, त्यामुळे बोलणार कोण?

दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. टर्नर आपल्या लेथला झेंडूचा हार घालायचे, फिटर हातोड्या-पान्यांना कुंकू लावायचे, बायकापोरं नवे कपडे घालून कारखाना बघायला यायची. सावळीराम रजिस्टरची पूजा करायचा, कारण त्याचं हत्यार तेच. मात्र त्याचा एक हट्ट होता. अपुऱ्या यादीला कुंकू लावायचं नाही. म्हणून आठ-दहा दिवस आधीपासून तो एकेक खण उपसायचा, आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचा आणि सगळी यादी नव्याने लिहून काढायचा. गेल्या वर्षीची यादी बघून उतरवून काढ, असं कुणी सुचवलं तर त्या माणसाशी तो दोन दिवस बोलत नसे.

हे वेड त्याने आईकडून घेतलं होतं. आई धोंडाबाई, हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. पाड्यावर आठ घरं. हरसूलच्या बाजाराला सगळ्यांना जाणं जमायचं नाही, म्हणून धोंडाबाई जायची आणि आठही घरांचं सामान आणायची. अक्षराची ओळख नाही. निघताना प्रत्येक घरची बाई तिला काय काय आणायचं ते सांगायची आणि धोंडाबाई पदराच्या काठाला एक गाठ मारायची. एका घराची एक गाठ. बाजारात उभी राहून ती पहिल्या गाठीला हात लावायची आणि म्हणायला लागायची, कुसाबाईचं मीठ, दोन काडेपेट्या, पोरीच्या हिरव्या बांगड्या. मग दुसरी गाठ. एवढासा सावळीराम तिच्यामागे चालत ती चुकते का ते बघायचा. ती कधी चुकली नाही. हे कसं जमतं म्हणून त्याने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "गाठीला हात लावला का घर दिसतं मला. घर दिसलं का त्येच्यातलं समदं दिसतं."

पुढे सावळीराम मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, रजिस्टरं भरली. पण आईसारखं हात लावताच घर दिसणं काही त्याला जमलं नाही, आणि त्याची ही रुखरुख कायम राहिली.

१९८७ साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची केबिन झाली, केबिनला एसी लागला, आणि दारात पाटी लागली की चपला बाहेर काढाव्यात. लोक काचेला नाक लावून आतली हिरवी अक्षरं बघत उभे राहायचे. कॉम्प्युटर चालवायला लता साळवे नावाची मुलगी आली. वय तेवीस, राहायला नाशिकरोडच्या वसाहतीत, वडील नव्हते, आई भिमाबाई एका शाळेत शिपाईण होती. कारखान्यात सगळे तिला मॅडम म्हणायचे. सावळीराम लताबाई म्हणायचा, आणि ती त्याला काका.

तिचं काम म्हणजे ट्रेसिंगवर हाताने लिहिलेली पंपाच्या सुट्या भागांची यादी कॉम्प्युटरमध्ये टाइप करायची. ट्रेसिंग सावळीरामने न्यायचं, दारात अनवाणी उभं राहायचं, सही घ्यायची. कागदावर न मावलेली एखादी गोष्ट असली तर तो तोंडी सांगायचा आणि लता तीही टाइप करायची. फाइलला नाव काय द्यायचं यावर पहिल्याच दिवशी त्यांची जुंपली. लताला सोपी नावं हवी होती. सावळीराम म्हणाला, ट्रेसिंगचा नंबर हेच फाइलचं नाव, नाहीतर उद्यापासून ट्रेसिंग मिळणार नाही. लताने मान हलवली आणि नंबर टाकला.

सावळीरामचा त्या यंत्रावर मनातून राग होता. ज्याला खण नाहीत त्याच्या पोटात काय आहे ते कळायचं कसं? हे त्याने एकदा बोलूनही दाखवलं. लता हसली. तिने सांगितलं की यंत्रालाही खण असतात, त्यांना डिरेक्टरी म्हणतात, आणि प्रत्येक पंपाची तिने वेगळी डिरेक्टरी केलेली आहे. तिने एका खणाचं नाव घालून तीन अक्षरांचा हुकूम टाइप केला. पडद्यावर त्या खणातल्या सगळ्या फायली एकाखाली एक उतरल्या. प्रत्येक नावापुढे आत किती अक्षरं आहेत तो आकडा आणि शेवटी तारीख. सावळीरामने तोंडात बोट घातलं. मग त्याने विचारलं की सगळ्या खणांचं असं एकदम दाखवता येईल का. लता म्हणाली, नाही, यंत्र एका वेळी एकाच खणाचं सांगतं.

१९८८च्या खंडेनवमीला पंधरा दिवस उरले असताना सावळीरामने फर्मान काढलं. कॉम्प्युटर हेही हत्यार, तेव्हा त्याचीही यादी पूजेआधी पुरी झाली पाहिजे. लताने कपाळाला हात लावला. बावीस खणांसाठी बावीस वेळा तेच टाइप करत बसायचं, आणि मध्ये एक खण सुटला तर काका पुन्हा पहिल्यापासून करायला लावणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिने सावळीरामला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. म्हणाली की आता यंत्राला विचारत बसायचं नाही, एक चिठ्ठी लिहून द्यायची. पहिल्या ओळीत पहिल्या खणाचं नाव, दुसऱ्या ओळीत दुसऱ्याचं. यंत्र चिठ्ठी वाचत जाईल, एकेक खण स्वतः उघडेल आणि जे दिसेल ते एका कागदाखाली दुसरा जोडावा तसं एकाच यादीत लिहीत जाईल. अशा चिठ्ठीला बॅच फाइल म्हणतात.

सावळीरामने बावीस नावं सांगितली, तिने बावीस ओळी लिहिल्या. मग एकच शब्द टाइप करून तिने बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

सावळीराम बघत राहिला. यंत्रातून कुरकुर आवाज यायला लागला, दिवा लुकलुकायला लागला, पडद्यावर खणामागून खणाचं नाव सरकायला लागलं. कुणी हात लावत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं. मिनिटभरात सगळं थांबलं. लताने प्रिंटर चालू केला आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद खडखडत बाहेर यायला लागला. जे करायला त्याला दहा दिवस लागायचे ते जमिनीवर घडी होऊन पडत होतं. सावळीरामने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला पदराचा काठ दिसत होता.

"लताबाई," तो म्हणाला, "ही तर आमच्या आईची गाठ हाय."

तिला ते काहीच कळलं नाही, म्हणून त्याने हरसूलच्या बाजाराची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता लताने कागदाच्या घड्या नीट करून तो त्याच्या हातात दिला.

मग त्याने सवयीने यादी तपासायला घेतली. पहिल्याच खणात एक नाव होतं, त्याच्यापुढे अक्षरांचा आकडा शून्य. ते कुठल्याच ट्रेसिंगचं नव्हतं. लताने बघितलं आणि सांगितलं की ही यादीच आहे. यंत्राने आधी यादीचा कोरा कागद त्या खणात ठेवला, मग खणात काय आहे ते बघितलं, तर तिथे तो कोरा कागदही दिसला. दिसला म्हणून लिहिला. सावळीराम बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसला. त्याच्या रजिस्टरात कारखान्यातला कपटान् कपटा होता, पण खुद्द रजिस्टरची नोंद कधी नव्हती. इतका सचोटीचा कारकून त्याने आजवर पाहिला नव्हता.

इथवर सगळं छान होतं. पण दोन दिवसांनी अकाउंट्सवाल्यांनी यंत्राच्या डिस्कवर आपले हिशेब भरून ऐसपैस बैठक मारली आणि जागा पुरेना. लताने नऊ जुन्या पंपांचे नऊ खण नऊ फ्लॉप्यांवर हलवले आणि डिस्कवरून पुसून टाकले. फ्लॉप्यांची दुसरी प्रत करायची होती, पण कोऱ्या फ्लॉप्या संपल्या होत्या, नव्या दसऱ्यानंतर येणार होत्या. लताला तर जायचं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हा तिच्या घरचा नेम, भिमाबाईंनी नागपूरच्या गाडीची तिकिटं काढून ठेवली होती. तिने केबिनची किल्ली सावळीरामच्या हातात दिली आणि बजावलं की कुणालाही आत हात लावू देऊ नका.

सावळीरामने कुणालाही हात लावू दिला नाही.

खंडेनवमीला त्याने सकाळी लवकर येऊन केबिन पुसली. रजिस्टर आणि छापील यादी पाटावर मांडली. कॉम्प्युटरला बाहेरूनच हार घातला, कारण यंत्राला पाणी चालत नाही एवढं त्याला माहीत होतं. मग त्याला टेबलावर त्या नऊ फ्लॉप्या दिसल्या. काळ्या, चौकोनी, कागदी पाकिटात घातलेल्या. त्याच्या मनात आलं, खरे खण तर हेच. त्याने एकेक पाकिटातून काढली, ओल्या फडक्याने पुसली. प्रत्येकीला एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती चमकत होती. हाच मुखवटा असणार असं समजून त्याने नेमकं तिथे हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, हात जोडले. आणि पुन्हा नीट पाकिटात घालून क्रमाने ठेवल्या.

लता नागपूरहून परतली आणि पहिली फ्लॉपी यंत्रात घातली, तर वाळूत चाक फिरावं तसा आवाज आला. तिने ती बाहेर काढली. तिची बोटं पिवळी झाली. तिने दुसरी पाकिटातून काढली, तिसरी काढली. नवाच्या नऊ तशाच. काहीही वाचता येत नव्हतं. सावळीराम दारात उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच त्याची पाचावर धारण बसली.

तिने नऊही फ्लॉप्या पुन्हा पाकिटात घातल्या. त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिची नोकरी अजून तात्पुरती होती, दिवाळीनंतर कायम होण्याची ऑर्डर निघायची होती, आणि त्या एका कागदाच्या भरवशावर भिमाबाईंनी शाळेतलं काम सोडायचं ठरवलं होतं. हे सावळीरामला माहीत होतं. थोड्या वेळाने लता उठली आणि म्हणाली की फ्लॉप्या तिच्या ताब्यात होत्या, साहेबांना तीच सांगेल.

"ताबा तुमचा हाय," सावळीराम म्हणाला. "हात माझा व्हता."

त्याने स्टोअरमध्ये जाऊन एक कोरा कागद घेतला आणि काय केलं, कधी केलं, कुणी केलं ते सगळं लिहिलं. खाली सही केली. तो कागद घेऊन दोघं साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी वाचलं आणि ते जे भडकले ते सांगायची सोय नाही. पंप जुने असले तरी गावोगावच्या विहिरींवर ते चालू होते, सुटे भाग रोज मागवले जात होते. शेवटी त्यांनी विचारलं की नक्की गेलं किती. लताला सांगता येईना.

"एकशे सत्त्याऐंशी," सावळीराम म्हणाला आणि घडी केलेली यादी टेबलावर ठेवली. "नावानिशी हायेत, साहेब. अक्षरं किती तेबी हाय."

साहेबांनी यादी चाळली. दिवाळीच्या सुटीपर्यंत एकशे सत्त्याऐंशी फायली परत जागेवर आल्या पाहिजेत, नाहीतर दिवाळीनंतर नवा ऑपरेटर आणि नवा स्टोअरकीपर, एवढं म्हणून त्यांनी दोघांना बाहेर घालवलं. कागद मात्र ठेवून घेतला.

हातात पंधरा दिवस होते. डिस्कवर जागा व्हावी म्हणून साहेबांनी अकाउंट्सवाल्यांना त्यांचे जुने हिशेब काढायला लावले. फाइलचं नाव म्हणजे ट्रेसिंगचा नंबर, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. सावळीराम एकेक ट्रेसिंग काढून वाचायचा आणि लता टाइप करायची. सावळीराम आयुष्यात पहिल्यांदा सही न घेता कागद स्टोअरबाहेर नेत होता. फाइल पुरी झाली की अक्षरांचा आकडा जुन्या यादीशी ताडून बघायचा. लताची टाइप करायची पद्धत ठरलेली, त्यामुळे आकडे बहुतेक जुळायचे. पाच-दहाचा फरक आला तर ती सोडून द्यायची. पण एका विहिरीच्या पंपाच्या फायलीत त्रेसष्ट अक्षरं कमी पडली. एवढ्यात एक अख्खी ओळ बसते.

ट्रेसिंगवरचं तर सगळं टाइप झालेलं होतं. त्यांनी तीनदा वाचलं. लता म्हणाली राहू द्या, एक दिवस वाया जातोय. सावळीराम ऐकेना. यंत्र खोटं बोलत नाही यावर त्याची आता इतकी श्रद्धा बसली होती, जितकी स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हती. तो दारात जाऊन उभा राहिला, जिथे तो वर्षभर अनवाणी उभा राहत आला होता, आणि तिथे उभा राहिल्यावर त्याला आठवलं. या पंपाला चामड्याचा वायसर घालू नका, वाळूच्या विहिरीत तो कुजतो, रबराचा घाला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या फिटरने त्याला सांगितलं होतं, त्याने लताला तोंडी सांगितलं होतं आणि विसरून गेला होता. लताने ती ओळ टाइप केली. आकडा जुळला, एका अक्षराचाही फरक नाही.

सावळीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात उभं राहून सहज बोललेलं वाक्य त्या यंत्राने मोजून ठेवलं होतं. अशा जागी माणसाने जपून आणि खरंच बोलायला हवं, असं त्याला वाटलं.

वसुबारसेला लताने ती चिठ्ठी पुन्हा चालवली. बावीस खण पुन्हा एकेक करून उघडले, कागद खडखडत बाहेर आला. जुनी आणि नवी यादी जमिनीवर शेजारी शेजारी पसरून साहेबांनी स्वतः लाल पेन्सिलने खुणा केल्या. एकशे सत्त्याऐंशी खुणा झाल्या. साहेब उठले आणि पेन्सिल खिशात घालून निघून गेले. दिवाळीनंतर लताच्या हातात ऑर्डर पडली. सावळीरामचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी त्याला बोलावून त्याचा कागद परत दिला आणि फाडून टाकायला सांगितलं. सावळीरामने तो फाडला नाही. त्याने तो बाविसाव्या खणात ठेवला आणि रजिस्टरात नोंद केली: सावळीराम बोडके यांची चूक, एक पान. मग तो लताकडे गेला आणि म्हणाला, हे यंत्रातही घाला. लता काही केल्या तयार होईना. लोक वाचतील, हसतील, कशाला हवं ते? सावळीराम म्हणाला, खणात आहे ते यादीत हवंच, नाहीतर यादीला अर्थ काय राहिला. शेवटी तिने ते टाइप केलं. तीनशे ब्याण्णव अक्षरं झाली.

पुढच्या खंडेनवमीला सावळीराम धोंडाबाईला पाड्यावरून घेऊन आला. सत्तरी ओलांडलेली बाई, चपला कधी घातल्याच नव्हत्या, त्यामुळे केबिनच्या दारात काढायचा प्रश्न आला नाही. लता पूजेत नसायची, पण त्या दिवशी मुद्दाम थांबली होती. आता खण सव्वीस झाले होते. तिने शब्द टाइप केला, बटण दाबलं, आणि धोंडाबाईला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पडद्यावरचं एकेक नाव वाचलं. म्हातारी टक लावून बघत होती. यंत्र थांबलं, कागद बाहेर आला. सावळीरामने कागदाला कुंकू लावलं. फक्त कागदाला.

"किती घरं रं ही?" धोंडाबाईने विचारलं.

"सव्वीस, आई."

"आन् एकबी सुटलं नाय?"

"एकबी नाय."

धोंडाबाईने कागदावरून हात फिरवला. मग तिने विचारलं, "ह्येच्यात तुजं काय हाय?"

सावळीरामने घड्या उलगडत उलगडत शेवटाकडचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लताने मान दुसरीकडे वळवली. काय लिहिलंय म्हणून म्हातारीने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की गेल्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती इथे लिहिलेली आहे.

धोंडाबाईने त्या ओळीवर आपलंही बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं, बाजारात गाठीवर ठेवायची तसं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घर दिसतं."